उलटी पानं

हे आमच्या आईच्या कानावर जाऊ देणार नसाल, तर सांगतो. इंटरनेटवरनं पुस्तकं मागवायचं खूळ मला नवंनवंच लागलं होतं. असंच मागवलेल्या एका पुस्तकात मधली पानं उलटी लागलेली निघाली. ते टेबलावर टाकून मी कामाला गेलो. संध्याकाळी येतोय तर आई त्याच पुस्तकाची कोरी प्रत घेऊन बसलेली.

"बापूंच्या दुकानात गेलते. दिलं की बदलून. आधी नुसतेच बघत हुभे. मग म्या आवाज चढवला, जुन्या गिऱ्हाईकाला फसवताय व्हय? सगळं दुकान बघाय लागलं."

मंगळवार पेठेतल्या बापूकाकांच्या दुकानातनंच आमच्याकडं वर्षानुवर्षं पुस्तकं येत होती. मी चपला न काढताच तसाच मागं फिरलो.

"काका, ते पुस्तक तुमच्याकडचं नव्हतं."

"म्हाईत हाय की. आमचा शिक्का असतोय पहिल्या पानावर. त्याच्यावर न्हवता."

"मग आईला सांगितलं का नाही?"

काका माझ्याकडं न बघता पुस्तकं लावत राहिले.

"वैनी समद्यांच्या म्होरं म्हणाल्या, माझा पोरगा तुमच्याशिवाय दुसरीकडनं पुस्तक घेत न्हाय. त्यांना खोटं पाडू व्हय?"