पस्तीसचे पेढे

बेळगावहून निपाणीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर हृदयाच्या तपासणीची फाईल.

“मालू, पंचावन्न टक्के आलं गं. डॉक्टर म्हणाले, काळजाचा पंप नॉर्मल झाला.”

“व्हय, चारदा सांगितलासा. कंडक्टरला बी सांगितलासा.”

“त्यो हसला की. धाव्वीच्या एसेसेल्सीला तीनदा बसलो, पासाचं पस्तीस कदी पडलं न्हाय मला.”

“मग नाचा आता बसमदी.”

“नाचाय न्हाय, रोज अर्धा तास चालाय सांगितलंय. आनि अ‍ॅटॅक आला तवा पंप पस्तीस टक्के आलता, तर तू काय केलीस? नवरा पास झाला म्हणून सगळ्या वॉर्डात पेढे वाटलीस.”

“वाटलो की.”

“डॉक्टर आज म्हणाले, पस्तीस म्हंजे लई वाईट हुतं. अडाणी हाईस बघ.”

“व्हय.”

“नर्सनं बी पेढा खाल्ला. तिनं तरी तुला सांगायचं न्हाय?”

“तिनं सांगितलं हुतं.”

“कदी?”

“पेढे आणायच्या आदी.”

नवरा मान वळवून तिच्याकडे बघू लागला.

“काय बघालासा?”

“संकेश्वरला गाडी थांबली की पेढे आणतो. पयला तुला.”

“आणा. तुमी नुसता वास घ्या.”