शेवटच्या टेबलावरचा डाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्लांटचे प्रमुख माननीय यशवंतराव, व्यासपीठावर उपस्थित कामगार संघटनेचे साहेबराव, आज ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. हिंदुराव जवळकर, त्यांच्या शेजारी बसायला मघापासून संकोचणाऱ्या त्यांच्या पत्नी अंबुबाई, प्रेस शॉपमधले माझे सहकारी, आणि या कासारवाडीतले हिंदुरावांचे सगेसोयरे, शेजारीपाजारी,

सर्वांना माझा नमस्कार. मी तनुजा. चाकणच्या प्लांटमध्ये क्वालिटी विभागात काम करते.

आधीच एक सांगून टाकते. सूत्रसंचालन करणाऱ्या स्नेहलताईंनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. ते मला जमणार नाही. प्लांटमध्ये दुसऱ्या शिफ्टची चहाची सुट्टी होईपर्यंत मी बोलत राहणार आहे. कारण शेवटी कळेलच. अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघताहेत, तसं मीही बघते आहे.

हिंदुरावांच्या कामाबद्दल साहेबराव बोलले. मी त्यांच्या खेळाबद्दल बोलणार आहे.

आमच्या कॅन्टीनच्या शेवटच्या टेबलावर कुणीतरी, फार पूर्वी, अणकुचीदार हत्याराने नवकंकरीचा पट कोरून ठेवला आहे. एकात एक तीन चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. दोन गडी, प्रत्येकाचे नऊ खडे. आपले तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. लहानपणी देवळाच्या फरशीवर खडूने आखून तुमच्यापैकी अनेकजण हे खेळले असतील. आमच्याकडे खड्यांऐवजी एका बाजूला नट असतात आणि दुसऱ्या बाजूला वॉशर. नट हिंदुरावांचे. वॉशर मालोजी येळवंड्यांचे.

मालोजी चाकणजवळच्या निघोज्याचे. दोन नंबरचा प्रेस, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणारं मशीन, पहिल्या शिफ्टला हिंदुराव चालवणार असतील, तर दुसऱ्या शिफ्टला मालोजी. पुढच्या आठवड्यात उलट. म्हणजे ही दोन माणसं एकाच मशीनवर आयुष्यभर काम करून कधी एकत्र जेवलेली नाहीत. भेट व्हायची ती मशीन ताब्यात देताघेताना. त्यात बोलणं काय? "पंचाचा आवाज येतोय, बघून घे." "व्हय." झालं!

मग ते खेळायचे कसे? एका शिफ्टला एक चाल. हिंदुरावांनी आपल्या सुट्टीत नट सरकवायचा आणि निघून जायचं. मालोजींनी आल्यावर पट बघायचा, दिवसभर डोक्यात घोळवायचा आणि त्यांच्या सुट्टीत वॉशर सरकवायचा. मधल्या वेळात दोन्ही शिफ्टची माणसं टेबलाभोवती उभी राहून जेवणार, टोमणे मारणार, पण पटाला बोट लावणार नाहीत. टेबल पुसणाऱ्या मावशीसुद्धा पटाच्या कडेकडेने फडकं फिरवतात. हा नियम कुठेही लिहिलेला नाही.

हिंदुरावांची निवृत्ती जवळ आली तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, "आता डावाचं काय?"

ते म्हणाले, "सोडला बरुबरीत. सांगा मालोजीला."

मी सांगितलं. मालोजी म्हणाले, "बरुबरीत? टेबलाव वॉशर किती, नट किती, जरा बघून या म्हणावं!"

थट्टा होती, पण त्यानंतर दोघांनीही चाल केली नाही. पट तसाच पडून राहिला. जेवायला येणारे बघायचे आणि ताट घेऊन दुसरीकडे बसायचे. मला ते बघवेना. तेव्हाच मी ठरवलं, हा डाव हिंदुरावांच्या घरापर्यंत पोहोचवायचा.

फोनवर चाल सांगायची, असं कुणीतरी सुचवलं. ते करून झालं. "वरच्या कोपऱ्यातला" म्हणजे कुणाच्या बाजूने वरचा, यावरून दोघांचं इतकं वाजलं की फोन मध्येच बंद झाला. शिवाय बघे कुठे उभे राहणार?

माझा भाऊ केयूर हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, मारुंजीत भाड्याने राहतो. त्याला म्हटलं, मोबाइलवर दोघांना लांबून खेळता येईल असा साधा गेम करायचा आहे. तो म्हणाला, "ताई, दोन रविवारांचं काम." मंडळी, या क्षेत्रातल्या माणसाने सांगितलेल्या रविवारांवर विश्वास ठेवू नये.

पट काढणं सोपं गेलं. दोन फोन एकमेकांना जोडणंही फार अवघड नव्हतं. मध्ये एक सर्व्हर लागतो. सर्व्हर म्हणजे काय, असं अंबुबाईंनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्या कॅन्टीनचं शेवटचं टेबल. दोघांपैकी कुणीही समोर नसलं तरी डाव मांडून ठेवणारं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग लवकर करा बाई. न्हाईतर हे दिवसभर घरात नुस्ते येरझाऱ्या घालतील आन् माझे डबे मोजतील."

पहिल्या दिवशी काय झालं? हिंदुरावांनी सुट्टीत चाल केली. मालोजींनी आपल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये फोन उघडून उत्तर दिलं. आणि मिनिटभरात त्यांच्या फोनवर फुलं उधळली गेली: अभिनंदन, तुम्ही जिंकलात! दोघांची एकेक चाल झाली की पुढच्या प्रत्येक चालीला केयूरने एका मिनिटाची मुदत ठेवली होती. सगळ्या गेममध्ये असते म्हणे. हिंदुराव त्या वेळी चाकणच्या कोंडीत अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये डुलकी काढत होते.

मालोजी माझ्या टेबलापाशी आले. "म्याडम, गडी बसमधी झोपलाय, आन् मी जिंकलो व्हय? आसली जीत मला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव. "बाई, मी हारलो न्हाई. मी बसमधी व्हतो."

केयूरला सांगितलं, मुदत काढ. तो म्हणाला, "ताई, एका चालीला आख्खी शिफ्ट? असा गेम कोण खेळतं?" म्हटलं, मी पगार घेते तिथली सगळी माणसं.

मुदत निघाली. मग अंगठ्याची अडचण आली. प्रेसवर काम केलेला अंगठा दोन घरांवर एकदम टेकतो आणि नट भलतीकडे जाऊन बसतो. टेबलावर हात उचलेपर्यंत चाल झाली असं मानत नाहीत. म्हणून आता गेममध्ये नट सरकवल्यावर फोन विचारतो, "हात उचलला?" हो म्हटलं तरच चाल पक्की.

मग गुरुवार आला. केयूरने सर्व्हरला सांगून ठेवलं होतं, दिवसभर कुणी चाल केली नाही तर डाव सोडून दिला असं समजायचं आणि जागा मोकळी करायची. त्याच्या हिशेबात सुट्टी शनिवार-रविवारची, आणि तेव्हाही लोक गेम खेळतातच. आमची सुट्टी गुरुवारची, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात कसं यावं? आणि आमची माणसं सुट्टीच्या दिवशी चाल करत नाहीत. शुक्रवारी दोघांनी फोन उघडले, तर पट कोरा.

हिंदुराव हसले. मालोजी हसले नाहीत. ते म्हणाले, "मावशींनी कंदी आमचा डाव पुसला न्हाई. तुमच्या मशीननं एका सुट्टीत पुसला." आणि माझ्यासमोर त्यांनी गेम फोनमधून काढून टाकला.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण ते बरोबर बोलत होते. त्या रात्री केयूर म्हणाला, सोडून दे, म्हाताऱ्यांना नाही आवडलं. मी म्हटलं, त्यांना गेम आवडला नाही असं ते कुठे म्हणाले? डाव पुसलेला आवडला नाही. आपण न पुसणारा करू. आणि केला. आता डाव दोघांनी मिळून मोडल्याशिवाय मोडत नाही. बघ्यांना बघता येतं, बोट लावता येत नाही. प्रेस शॉपमधल्या बऱ्याच जोड्या त्यावर खेळतात. कुलदीप आणि भिवा तर शेजारी बसून फोनवर खेळतात, त्याला माझा इलाज नाही.

पण ज्यांच्यासाठी केला ते मालोजी त्यावर परत आले नाहीत.

आज ते इथेही नाहीत. का नाहीत? मालोजींनी रजा घेतली की ओव्हरटाइमला थांबून दोन नंबरचा प्रेस सांभाळणारा माणूस एकच, आणि तो आज हार घालून या खुर्चीत बसला आहे.

दुपारी शिफ्ट बदलताना मी गेटवर थांबले होते. शेवटच्या टेबलावरचा पट जसाच्या तसा, एकेक नट, एकेक वॉशर पाहून गेममध्ये मांडला होता. मालोजींपुढे हात केला. त्यांनी फोन दिला. म्हणाले, "घाला काय घालायचं ते. पर खेळंन आसं म्हणलो न्हाई." मग आत गेले. हिंदुरावांनी त्यांच्या ताब्यात मशीन दिलं. काय बोललात हिंदुराव? ...ऐकलंत? "पट्टा जरा ढिला हाय, एवढंच." शेवटच्या दिवशीसुद्धा!

इथे आल्यावर, हार गळ्यात पडायच्या आधी, हिंदुरावांनी आपली चाल केली. हात उचलला. तुमच्यापैकी काहींना वाटलं ते फोनवर कुणाचे संदेश बघताहेत. आता फोन हिंदुराव आणि अंबुबाईंच्या मधल्या टेबलावर, माइकशेजारी ठेवला आहे. प्लांटमध्ये मशीनपाशी फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये असतो. सुट्टीतच हातात येतो. सुट्टी सुरू झाली आहे. स्नेहलताई, खुणा करू नका, थांबते. उत्तर आलं नाही तर तेही मान्य करायला हवं. गेम आपण बनवू शकतो. खेळायचं की नाही हे...

ऐकलंत?

हा आवाज केयूरने आमच्याच टेबलावर वॉशर टाकून भरून घेतला आहे. हिंदुराव, उठू नका, हार अडकेल. मी वाचते. मालोजींनी कोपऱ्यातला वॉशर खाली घेतला. तीन एका रेघेत. आणि... माफ करा, तुमचा एक नट उचलला आहे.

काय म्हणालात? माइकवर सांगू? हिंदुराव म्हणताहेत, "लबाड हाय. निरोपाच्या दिवशी तरी सोडायचा व्हता एखादा!" मंडळी, टाळ्या त्या दोघांसाठी वाजवा, माझ्यासाठी नको.

अध्यक्षांनी मला एवढा वेळ बोलू दिलं, संघटनेने हे सभागृह मिळवून दिलं, अंबुबाईंनी हिंदुरावांना फोन शिकवताना माझ्याहून जास्त धीर धरला, आणि केयूरने त्याचे सगळे रविवार दिले. या सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर घरचीच म्हणून सांभाळून घ्या.

आणि हिंदुराव, आता शांतपणे जेवा. चाल तुमची आहे, पण मुदत आम्ही काढून टाकली आहे.