सायकल ट्रॅकचं घरगुती वळण

...आणि तुम्हीच सांगा, आजवर कोणत्या साहेबानं आपल्याले काई विचारलं, अन् वरतून आपण सांगितलं तसंच केलंही? नाई ना? मंग मले काय सपन पडलं होतं? विचारलं म्हणून सांगितलं बाप्पा, अन् आता पूर्ण गाव मलेच बोलून राह्यलं.

झालं असं का, आमच्या जुन्या वस्तीचा पुनर्विकास निघाला. रस्ते रुंद, घरं पाडून बिल्डिंगी, अन् त्याच्यात सायकल ट्रॅक. ट्रॅकचं ऐकलं अन् मी लय खुश. कारण आमची रक्षा. तिचं कॉलेज गावाच्या त्या टोकाले, मधात सारे ट्रक. तिचे बाबा म्हणाले, "सायकलले वेगळा रस्ता झाला तर जाईन पोरगी, नाई तर सायकल बंद. मी सोडून देत जाईन." आता आमचे हे सोडून देणार म्हणजे... माणूस उठते तवा कॉलेज सुटते.

तर बचत गटाच्या बायांची मीटिंग लावली. नागपूरवरून ट्रॅक आखणारे अश्विन सर आले, टेबलावर हा एवढा नकाशा. "ताई, रोज सायकलनं जशा जाता, तशी रेष काढा." मी गटाची अध्यक्ष, पेन पयले मायाच हाती. घरून निघाली, चक्कीपर्यंत सीधी... अन् पुढं चौकात देवकाबाईचं घर. देवकाबाई म्हणजे मायी मोठी नणंद. ओट्यावर बसूनच राह्यते. "काऊन वो मेघा, आमचा चहा कडू लागते का?" एकदा बसवलं का दुपार झाली समजा. म्हणून मी रोज मागून, नाल्याच्या काठानं, लंबा वळसा घालून जाते. तोच काढला. विचारलं म्हणून सांगितलं.

बरं, मायी एकटीची रेष असती तर चाललं असतं. पण आमच्या गटाची रीत अशी, का अध्यक्षबाई जिथं सही करन, तिथंच सगळ्यायची सही. बायांनी माया रेषेवरच रेष गिरवली. पंचफुलाले सायकल येतच नाई, तिनंही गिरवली. सर तर गहिवरलेच. "ताई, एवढं एकमत मी कुठंच पाहिलं नाही." मी म्हणलं, सर, ते वळण जरा घरगुती आहे. ते म्हणे, "तेच तर पाहिजे, लोकांच्या मनातला रस्ता."

झालं. सीधा रस्ता गाड्यायले, सायकली नाल्याकाठून. धीरज दूधवाला हात जोडते, "वहिनी, एवढा फेरा काऊन टाकला?" विचारलं म्हणून सांगितलं, भाऊ.

तरी म्हणलं, जाऊ द्या, रक्षाचं तर भलं झालं. पण रस्ता रुंद कराले देवकाबाईचंच घर गेलं, अन् बदल्यात फ्लॅट भेटला कुठं? नाल्याकाठी, पयला मजला, गॅलरी बराबर ट्रॅकवर. "रक्षा बेटा, वर ये, पोहे टाकले." सख्खी आत्या, लेकरू नाई कसं म्हणन? पयला तास रोज बुडते.

परवा पाह्यलं, पोरगी सीध्या रस्त्यानं, ट्रकायच्या मधातून सायकल काढून राह्यली. घरी आल्यावर म्हणलं, "मंग ट्रॅक कशाले केला वो?" तर शांतपणे म्हणते, "आई, ट्रकवाले निदान चहाले तर बसवत नाईत."

तिच्या बाबाले अजून सांगितलं नाई मी. त्यायनं विचारलंच नाई.