कॅल्शियमपर्यंत

बाबांच्या वारस दाखल्यासाठी कुरखेड्याच्या तहसील कचेरीत रांगेत उभी होते. माझ्यापुढे दहावीतली एक मुलगी आणि तिचे वडील होते. राज्याच्या कबड्डी संघाचा फॉर्म तिच्या हातात होता; त्यावर वडिलांची सही तेवढी राहिली होती.

“मी सही नाई करत, दीपाली. दहावीचं वर्ष आहे.”

“अभ्यास करून राह्यली नं, बाबा.”

“कवा? दिवसभर तं मैदानावर रायतं तू.”

“मैदानावरच. सरावात ‘कबड्डी कबड्डी’च्या जागी विज्ञान पाठ केलं.”

“मंग शनिवारी बाद काऊन झाली? तुले कोणी हातबी नाई लावला म्हणे.”

“सवयच लागली नं! सामन्यातबी हायड्रोजन, हेलियम म्हणतच घुसली. पंचानं बाद देल्लं.”

“हासले असतील लोकं.”

“लय हासले.”

“किती म्हणून झाले होते?”

“पंचाले समजेपर्यंत वीसच्या वीस मूलद्रव्यं झाली. कॅल्शियमपर्यंत.”

“एका दमात?”

“एका दमात.”

“मधात चुकली नाई?”

“एकबी नाई.”

वडील माझ्याकडे वळले.

“बाई, पेन आहे का जी तुमच्यापाशी?”