एकेचाळीस काचफुलं

डॉक्टर: थांबा. ती बाटली माशांच्या टाकीत उलटी करण्याआधी मला दाखवा.

टँकवाले: दाखवतो की. फक्त हलवू नका, डॉक्टर. प्रवासानं आधीच दमल्यात बिचाऱ्या.

डॉक्टर: ह्यात काहीच नाहीये. नुसतं पाणी आहे.

टँकवाले: तळाशी बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या, पांढुरक्या, अंगावर लव असल्यासारख्या. समुद्रातल्या गोगलगाई. ह्यांच्या पाठीवर शंख नसतो. दहा आणल्यात.

डॉक्टर: नऊ.

टँकवाले: दहावी बुचाच्या आत चिकटलीय.

डॉक्टर: बरं. आणि दगडाला चिकटलेले हे डंखाचे जीव, ही काचफुलं, ह्या खातात?

टँकवाले: काचफुलंच खातात. दुसरं काही पुढ्यात वाढलं तरी ढुंकून बघणार नाहीत.

डॉक्टर: सगळी संपली की?

टँकवाले: उपाशी मरतील. म्हणून त्याआधीच उचलून दुसऱ्याच्या टाकीत नेतो.

डॉक्टर: आणि इथं आणेपर्यंत ह्या काय खात होत्या?

टँकवाले: काचफुलंच. घरी एका बरणीत वाढवतो मी, ह्यांच्यासाठी.

डॉक्टर: म्हणजे बी तुमच्या घरात आहे.

टँकवाले: आहे. लपवलं नाही मी.

डॉक्टर: मी विचारलं म्हणून सांगितलंत. त्या लांब चोचीच्या माशाबद्दल वाचलं होतं मी. तोही काचफुलं खातो म्हणे. तो का नाही आणला?

टँकवाले: खातो. पण चटक लागली की पोवळ्यालाही चोच मारतो. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद मागायची कुणाकडे?

डॉक्टर: कोळंब्याही असंच करतायत. काचफुलं खायला म्हणून सहा सोडल्यात तुम्ही. मला एक दिसते.

टँकवाले: दिवसा कपारीत बसतात त्या. दिवे मालवले की कामाला लागतात.

डॉक्टर: सोयीचं आहे.

टँकवाले: काल संध्याकाळी तुमच्यासमोरच बाटलीचा सापळा लावला होता ना दगडामागे? हा बघा. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी ती फिरतेय. हं, ही आली जाळीत. सगळ्या बाहेर काढायच्या, नाहीतर ह्या गोगलगाईंनाच फस्त करतील.

डॉक्टर: म्हणजे पुरावा घेऊन चाललात.

टँकवाले: कसला पुरावा?

डॉक्टर: हुबेहूब अशीच दिसणारी दुसरी जात असते. ती पोवळ्यांचे लचके तोडते. एकीच्या नावावर दुसरी खपवतात बाजारात.

टँकवाले: बरोबर वाचलंत. तिला पाठीत कुबड असतं आणि अंगावर ठळक पांढरे पट्टे. ह्यांच्या पाठी बघा, तुम्ही पेशंटला बसायला सांगता तशा सरळ आहेत.

डॉक्टर: मला हसायचं नाहीये. हे आईचं पोवळं बघा. नखाएवढा तुकडा होता, आईनं स्वतः दगडावर चिकटवला होता. अकरा वर्षांत बशीएवढा झाला. दवाखान्यात खुर्चीला घाबरून रडणारी मुलं ह्याच्यासमोर बसली की गप्प व्हायची. आई गेली तेव्हा सगळा हिरवा होता. आता डावीकडे नुसता पांढरा सांगाडा उरलाय.

टँकवाले: ते कोळंबीचं काम नाही. त्याच्या बुडाशी काय उभं आहे?

डॉक्टर: काचफुलं. तीन.

टँकवाले: चार. सावलीत एक आहे. पाण्यानं हलली की त्यांचे ते लांब धागे पोवळ्याला लागतात आणि डंख बसतो. रोज उठून डंख बसला तर कोण तग धरेल? अजून दोन-तीन आठवडे असंच चाललं तर उजवी बाजूही गेली समजा.

डॉक्टर: तेच म्हणतेय मी. आईच्या वेळी ह्या टाकीत एकही काचफूल नव्हतं.

टँकवाले: नव्हतं.

डॉक्टर: तुम्ही तो नवा दगड आणलात तेव्हापासून आलं.

टँकवाले: एक आलं. ते माझं पाप, आणि मी त्याच दिवशी तुमच्याजवळ कबूल केलं होतं.

डॉक्टर: दर शनिवारी मी फोटो काढून मोजते. पहिला महिना एक, दोन, दोन, तीन. मग एकदम सात. मग बारा, बावीस, तीस. गेल्या शनिवारी एकेचाळीस. आणि टाकीत हात घालणारी माणसं किती? मला वेळ नसतो. नर्सबाई काच बाहेरून पुसतात. बाबा वरून चिमूटभर खाणं टाकतात. राहिलात तुम्ही. दर सोमवारी, कोपरापर्यंत हात आत. जितकी फुलं जास्त, तितक्या तुमच्या खेपा जास्त.

टँकवाले: म्हणजे मीच पेरतो.

डॉक्टर: असं म्हणाले नाही मी.

टँकवाले: म्हणालात. आल्यापासून एकदाही काका म्हणाला नाहीत, तेव्हाच पाल चुकचुकली. तुमच्या आई मला भाऊ म्हणायच्या.

डॉक्टर: आईला मध्ये आणू नका. आज ह्या सोडायच्या तर सोडा. पण सोमवारपासून येऊ नका. मी दुसरं माणूस बघितलंय.

टँकवाले: ठीक आहे. तुमची टाकी, तुमची मर्जी. पण जाता जाता माझाही एक संशय ऐकून घ्या. तीन आठवडे गिळून बसलोय.

डॉक्टर: बोला.

टँकवाले: काचफूल आपल्या चालीनं वाढतं तेव्हा तुमच्या पहिल्या महिन्यासारखं वाढतं. एक, दोन, दोन, तीन. एकदम सात कधी होतात? कुणी खरवडलं की. त्याचा कण जरी राहिला तरी त्याचं नवं फूल होतं. एकाला मारायला जावं आणि पाच जन्माला घालावीत, अशी जात आहे ती. म्हणून पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ह्याला हात लावू नका.

डॉक्टर: मी लावलेला नाही.

टँकवाले: मीही नाही. मी त्यांना मारायची पेस्ट सुईनं भरतो, एकेकाच्या तोंडात. आता ही बॅटरी धरा आणि ह्या कपारीखाली बघा. दगडावर जांभळा थर आहे ना? त्यात काय दिसतं?

डॉक्टर: रेघा. पांढऱ्या.

टँकवाले: माझ्या ब्रशानं अशा उठत नाहीत. ह्या बारीक आहेत, एकीला लागून एक, आणि प्रत्येक कपारीच्या आतून सुरू होते. आकडीसारखं काहीतरी आत घालून ओढलंय. आणि धसमुसळेपणा कुठं नाही. ज्यानं केलंय त्यानं सवयीच्या हातानं केलंय.

डॉक्टर: जरा बॅटरी इकडे करा.

टँकवाले: काय झालं?

डॉक्टर: एकावर एक थोडी चढलेली. खालून वर. आम्हाला पहिल्या वर्षी असंच घोटून घेतात.

टँकवाले: काय करायला?

डॉक्टर: दातावरचं कीटण काढायला. हे स्केलरचं काम आहे. तुम्ही कुठल्या हातानं लिहिता?

टँकवाले: उजव्या.

डॉक्टर: मीही. उजव्या हातानं ओढलं तर रेघ अशी झुकते, बघा. ह्या सगळ्या उलट्या झुकल्यात.

टँकवाले: म्हणजे डावखुरं माणूस.

डॉक्टर: गेल्या महिन्यात माझ्या ट्रेमधल्या एका स्केलरवर तांबूस ठिपके आले होते. मी नर्सबाईंना सगळ्या पेशंटसमोर बोलले. नीट पुसत नाही म्हटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या रडल्या.

टँकवाले: खाऱ्या पाण्यानं येतात तसे ठिपके.

डॉक्टर: हो. आता कळलं.

टँकवाले: चोर सोडून संन्याशाला फाशी, डॉक्टर. आणि संन्यासी एक नाही, दोन.

(बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरते.)

बाबा: कोण आहे आत? अगं, तू? घरी जेवायला गेली नाहीस?

डॉक्टर: नाही. तुम्ही दोन वाजता इकडे कसे, बाबा?

बाबा: माशांना घालायला. रोजचंच आहे.

डॉक्टर: मासे सकाळी नऊला खातात.

बाबा: दुपारीही थोडं घालतो. एक वेळच्या खाण्यावर कुणाचं भागतं?

डॉक्टर: आणि बाही दुमडलीय ती?

बाबा: उकडतंय.

डॉक्टर: एकट्या डाव्या हाताला?

बाबा: उलटतपासणी घेतेस का माझी? आणि ह्या गृहस्थांना पुन्हा कशाला बोलावलंस? एकेका फुलाला सुई टोचत बसतात. रोग मुळाशी आणि औषध शेंड्याला! अशानं तिचं पोवळं हातचं जाईल.

टँकवाले: मोठे डॉक्टर, एक विचारू? माझ्या खालच्या दातांना फार कीटण धरतं. वरवर घासलं तर जातं का हो?

बाबा: छे! वरून घासून काय होतंय? हिरडीच्या कडेखाली आकडी घालायची, मूळ सापडेपर्यंत. मग एका दमात ओढायचं. कण मागे राहिला की पुन्हा धरलंच. चाळीस वर्षं हेच केलंय मी. दात काय आणि दगड काय, तत्त्व एकच.

डॉक्टर: दगड?

बाबा: बोलायची पद्धत असते.

डॉक्टर: बाबा, खिशात काय आहे?

बाबा: पेन.

डॉक्टर: काढा.

बाबा: आता ह्या वयात मुलीनं खिसे तपासायचे राहिले होते. घे. तुझ्याच ट्रेमधला स्केलर आहे. घेतला तसा धुऊन ठेवतो मी.

डॉक्टर: बाबा, खरवडलं की ती वाढतात.

बाबा: कोण म्हणतं?

टँकवाले: माझ्या दुकानात मीही आधी खरवडूनच शिकलो, साहेब. तुकडे पाण्यात उडतात, डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. जिथं पडतात तिथं रुजतात.

बाबा: मी काढली त्यातली एकही जागेवर परत आली नाही. रोज बघत होतो.

टँकवाले: जागेवर नाही आली. शेजारी आली.

बाबा: शेजारी.

डॉक्टर: बसा ना, बाबा.

बाबा: म्हणजे तिच्या पोवळ्याखाली जी आहेत ती...

टँकवाले: पहिलं माझ्या दगडाबरोबर आलं, साहेब. सुरुवात माझी आहे.

बाबा: वाटणी करू नका. आणि मी समजत होतो, तुम्ही मुद्दाम वाढवताय. सोमवारी तुम्ही गेलात की मंगळवारी येऊन शोधायचो, आज काय पेरून गेला हा माणूस. मला कुणी सांगितलं का नाही, खरवडू नये म्हणून?

डॉक्टर: माझ्या डोक्यातच आलं नाही. वाटलं, तुम्ही तर फक्त...

बाबा: फक्त बसून असता. हं.

डॉक्टर: तसं नाही. पण तुम्हाला साधा चमचा धरताना...

बाबा: बोल की. हात थरथरतो. त्या पेशंटबाईच्या हिरडीला माझी आकडी लागली, त्या दिवशी खुर्ची तुझ्या हवाली केली. त्यानंतर चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलतो मी. मग एकदा टाकीत एक मेलेला मासा अडकला होता. म्हटलं, काढू. आत हात घातला आणि हात स्थिर.

डॉक्टर: स्थिर म्हणजे?

बाबा: स्थिर म्हणजे स्थिर. पूर्वीसारखा. पाणी धरून ठेवतं ग त्याला. त्यानंतर रोज येतो. म्हटलं, आपल्याला एवढं तरी करता येतंय तिच्यासाठी.

डॉक्टर: खरं सांगताय?

बाबा: आता माझ्यावरही संशय आहे का? असणारच म्हणा.

टँकवाले: डॉक्टर, माझं अडलंय जरा. ह्या गोगलगाई नळीत घेऊन एकेक करून काचफुलांच्या अगदी बुडाशी सोडायच्यात. पंप बंद करतो, तरी धक्का लागला तर वाहून जातात. माझी बोटं ही अशी, भेंडीसारखी. त्या पोवळ्याखालची फट केवढीशी आहे, बघताय ना.

डॉक्टर: तुम्ही आजवर कुणाच्या टाकीत सोडल्याच नाहीत काय?

टँकवाले: सोडल्या. पण इथं हातचा माणूस असताना मी कशाला?

डॉक्टर: बाबा?

बाबा: खरवडायचं काही नाही ना ह्यात?

टँकवाले: काही नाही. ठेवायची आणि नळी मागे घ्यायची. बाकी सगळं ती खाते. अख्खं. मागे कणही ठेवत नाही.

बाबा: तत्त्व बरोबर आहे. नळी द्या. आणि तू दिवा धर, उजवीकडून. माझ्या हाताची सावली पाडू नकोस.

डॉक्टर: हो.

बाबा: हं. ही एक गेली. बघितलंस का हात?

डॉक्टर: बघतेय.

बाबा: पुढची. ती मोठी दिसतेय ती, तिला तुझ्या आईच्या पोवळ्याखाली. घाबरू नका हं बाई. दुखलं तर हात वर करा.

टँकवाले: पेशंट हलत नाहीये साहेब. चाललंय छान.

डॉक्टर: काका.

टँकवाले: बोला.

डॉक्टर: सोमवारी किती वाजता येताय?

टँकवाले: त्या दुसऱ्या माणसाचं काय?

डॉक्टर: त्याला फोन करायचा राहिलाय अजून. आधी नर्सबाईंना करते. काय सांगू त्यांना, कळत नाही.

बाबा: तू काही सांगू नकोस. चारला आल्या की मी सांगतो. सगळ्यांसमोर बोललीस ना? मग मीही सगळ्यांसमोरच सांगेन. किती झाल्या?

डॉक्टर: नऊ. दहावी बुचात आहे.

टँकवाले: ही घ्या.

बाबा: चिकट आहे लबाड. सूट. हं, सुटली. बसली बघ फुलाच्या पायाशी, जशी काय तिथंच जन्मली.

डॉक्टर: झाल्या सगळ्या. काका, पंप कधी सुरू करायचा?

टँकवाले: तासाभरानं. तोवर पाणी हलवायचं नाही.

डॉक्टर: बाबा, झाल्या दहाही. काढा हात बाहेर.

बाबा: राहू दे ग थोडा वेळ. मी हलवत नाही पाणी.