सांगावा उभ्यानं द्यायचा असतो

— न्हाई बाई, ज्वारीचा भाव मला इचारू नको. भाव ठाऊक आसतो इकत घेणाराला. आमी ज्वारी इकत घेतली कवा? खळ्यावर जायाचं, पदर पसरायचा, पाटलाच्या मनाला येईल तेवढं पडायचं — बलुतं म्हणत्यात त्याला, तुज्या कालेजात शिकवलं आसंल. लिव्ह तसंच, सोजराबाई म्हणली भाव ठाऊक न्हाई. आन बस ना खाली, आकांक्षा. कवाची चौकटीला टेकून उभी हाईस, शेजारच्या लेकराला काय बस म्हणून आग्रह करावा लागतो? ... बरं, रहा उभी. तो टीव्ही लाव म्हणलं तर त्याची पिनच कुणी काढून ठेवली — लाईट तर हाय, पंखा फिरून राहिला. राहू दे. हरिचंदाला नांदेडला दवाखान्यात नेल्यापासून टीव्हीत बी जीव लागत न्हाई माझा. एकुलतं एक पोरगं, त्याच्या छातीला मशीन लावलीय म्हणं. काल सांजच्याला ज्योतीचा फोन आला, आई, बरं हाय त्यांचं, तुमी जेवून घ्या. सून चांगली हाय माझी. पण आवाज तिचा... जाऊ दे. इचार तू. सत्तेचाळीस-अट्ठेचाळीसचं पाहिजे न्हाई का? काहून आजच सुचलं गं तुला हे? उद्या द्यायचंय कालेजात? बरं, बरं.

लिव्ह मंग. लढाई सरली होती म्हणं, तिकडं कुठं साता समुद्रापल्याड, पण तिचं कंट्रोल आमच्या गावात राहून गेलं. कापड कंट्रोलचं, एका धुण्यात रंग सोडायचं. धान्य लेव्हीत जायाचं. राकेल मिळंना म्हणून दिव्यात करडीचं तेल, आन ते बी घासभर भाजीत टाकावं का वातीला द्यावं, हा सवाल. आन मीठ — मिठाचं लिव्ह. पैनगंगेच्या इकडं निजामाचं राज, तिकडं वऱ्हाड. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. नदी वलांडली की कनवटीचा पैसा परका. मधी करोडगिरीचं नाकं — जकातीचं गं — तिथले शिपाई गरिबाची पडशी उलटी करून बघायचे. शेवटच्या वर्साला तर नाकाबंदीच झाली, मीठ दिसंना झालं. माय माझी, अनुसयाबाई, मिठाचं जुनं मडकं फोडून त्याची खापरं पाण्यात धुवायची, आन ते पाणी वरणात टाकायची. एक-एक खापर दोन-दोनदा. आमी खायाचो, आन म्हणायचो, आज झालंय बराबर. ह्याला समदे हसत्यात, मी सांगितलं की. तू न्हाई हसली. तू तर सकाळपासून हसलीच न्हाईस.

करमणूक? होती की. आमाला बी होती. हिंगोलीचा दसरा — आता भरतो त्याच्यावर जाऊ नको, तवा बैलगाड्यांची रीघ लागायची. बाप मला खांद्यावर घेऊन गेला होता. तिथं तंबूतला शिनेमा आलेला. मधी पांढरा पडदा टांगलेला — पैसेवाले म्होरून बघायचे, आमच्यासारखे पडद्याच्या मागून. मागून तिकीट कमी. चित्र तेच गं, पण उलटं. राजा डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं तलवार चालवायचा. मला वाटायचं, शिनेमातली माणसं समदी डावखुरीच आसत्यात. कोणी सांगितलंच न्हाई. मंग लई वर्सानं, माझा मालक — जळबा — वारल्यावर, हरिचंद नवा-नवा एसटीत कंडक्टर लागला होता, त्यानं मला पहिल्या पगारात हिंगोलीच्या शिनेमाच्या टाकीत नेलं. खुर्चीवर बसवलं, म्होरून. आन मी त्याला म्हणलं, आरं, हा बाप्या उजव्या हातानं काहून जेवून राहिला? तर तो इतका हसला, इतका हसला, की म्होरली माणसं मागं वळून बघायला लागली. त्याचं हसणं तसंच हाय अजून, समदं अंग हलवून हसतो. नातवंडं त्याच्या पोटावर बसत्यात आन म्हणत्यात, आबा, हसा — कुणाचा फोन? घे ना. इथंच घे, बाहीर काहून चाललीस?

...आलीस? कोण होतं? मैत्रीण. बरं.

काय राहिलं तुझं — बातम्या. बातम्या कशा कळायच्या. आता बघ, पेपर गावात येत नव्हता, रेडिओ एक पाटलाच्या घरी, ब्याटरीवरचा, तो बी खरखर करायचा, आन आमाला त्याच्या वसरीपर्यंत बी जाता येत नव्हतं. पंधरा आगष्ट आमाला ठाऊकच नव्हता. देश सुटला तरी आमी निजामात. वर्सानं पोलीस आक्शन झाली, निजाम गेला, तवा कळलं. मंग आमची बातमी कोण? माझा बाप. पुंजाजी. येसकर होता तो, गावकीचं काम आमच्या घराकडं — घुंगराची काठी घेऊन गावभर दवंडी द्यायची, लेव्ही घाला हो, ढोरं बांधा हो, उद्या मामलेदार येऊन राहिला हो. ज्याला वाचता येत न्हाई त्याच्या तोंडातून समद्या गावाला बातमी. पुढं बाबासाहेबांनी सांगितलं, आन आमी ती काठी टाकली, गावकी टाकली, बुद्धाकडं आलो. लई बरं झालं. पण त्या वेळी होतं ते होतं.

आन दवंडीपक्षा मोठं काम म्हणजे सांगावा. हे लिव्हलं न्हाई तरी चालंल, पण आईक. गावात कोण्या बी जातीचं माणूस मेलं की त्याच्या परगावच्या लेकी-बाळीला खबर माझा बाप न्यायचा. पायी. पाऊस आसो, ऊन आसो. त्याची रीत होती. सांगावा चौकटीच्या बाहीर उभं राहून द्यायचा. बसायचं न्हाई. त्या घरचं पाणी घ्यायचं न्हाई. दुखणं जास्त हाय, जरा चला — असलं गोल बोलायचं न्हाई. मेलेल्याचं नाव बापाच्या नावासगट घ्यायचं, एकदाच, समद्यांला आईकू येईल असं. आन मागं वळायचं. त्या गावात रात काढायची न्हाई. मी एकदा इचारलं, बाबा, लोकाला असं रडवून येताव, तुमाला तकलीफ होत न्हाई? म्हणला, सोजरे, मी वाटेत टंगळमंगळ केली तर ते घर तेवढा येळ हसत-खेळत बसंल, आन मंग त्या हसण्याची त्याला जलमभर लाज वाटंल. मी नऊ-धा वर्साची. मला काही उमगलं न्हाई.

तर अट्ठेचाळीसचा श्रावण. आक्शनच्या आधीचा. गावातली एक म्हातारी मेली, तिची लेक दिलेली नदीपल्याड, रिसोडच्या अंगाला. बाप निघाला. नाक्यावर शिपायानं अडवलं — तिकडं जायाचं बंद हाय. हा म्हणला, मौतीचा सांगावा हाय. तो म्हणला, मौत आसो न्हाई तर बारसं आसो, माघारी फिर. बाप माघारी फिरला न्हाई, वरल्या अंगाला गेला, तिथून नदी उतरला, आन दिवस कलायच्या आत त्या लेकीच्या दारात. उभ्यानं सांगितलं. ते लोक चांगले होते बिचारे, म्हणले, नदी भरून येऊन राहिली, गोठ्यात पडा, सकाळी जा. पण रीत. सांगावा देऊन थांबायचं न्हाई. तसाच फिरला. ... व्हय. नदीनंच. हे समदं मागून कळलं आमाला.

आता तू मला सांग — त्याचा सांगावा आमच्या घरी कोण आणणार? आणायचं काम ज्याचं तोच गेलेला. खालच्या गावाला सापडला तो, काठी मनगटाला बांधलेली, घुंगरावरून त्यांनी वळखलं की कुण्या गावचा येसकर हाय. पुसेगावच्या बाजारात त्यांनी इचारपूस केली, आपल्या पाटलाला कळलं, पाटलाकडून समद्या गावाला. आन गावानं काय केलं? काहीच न्हाई. महारवाड्यात जाऊन सांगायचं कोणी? ते काम कुणाचंच नव्हतं. आमच्या वाड्यातल्या दोघा-चौघांला बी कळलं होतं, ते म्हणले, दोन लेकरं पदरात, कुठं सांगता, कळंल हळूहळू. माया होती त्यांची. न सांगण्यात बी माया आसती म्हणत्यात लोक. माय माझी रोज कपाळाला कुंकू लावायची, ठसठशीत. गावातल्या बाया तिच्या कपाळाकडं बघायच्या आन बोलता-बोलता गप व्हायच्या. तिला वाटायचं, इटाळ मानत्यात. ते तर नेहमीचंच होतं, तिला नवं काय वाटणार? तिला वाटायचं, नाकाबंदी हाय, नवरा तिकडंच अडकला, राज बदललं की येईल. मंग राज बदललं. आक्शन झाली. लोक परत आले तिकडून, गाड्या भरून. बाप आला न्हाई. तरी तिला वाटायचं, येईल, कामाला लागला आसंल, कलदार घेऊन येईल. एकदा पहाटं दळायला बसली आन तिनं ओवी म्हणली — माझ्या बापाचं नाव घेऊन, माझा घरधनी नदी वलांडून येतो म्हणून. चांगला गळा होता तिचा. जात्याच्या दुसऱ्या अंगाला शेजारीण बसलेली, हात देऊन राहिलेली. तिला ठाऊक होतं. तिनं ओवी आईकली, पुरी आईकली, आन खुंटा फिरवत राहिली.

मंग संक्रांतीला मन्यारीण आली बांगड्या घेऊन. तिचा बी मालक त्या आक्शनच्या धामधुमीत गेलेला, तिचे सोताचे हात मोकळे. मायनं हात म्होरं केला, हिरव्या भर म्हणली. मन्यारणीनं हात धरला, आन भरंना. नुसता धरून बसली. मंग म्हणली, तेरेकू कोई बोल्या नै क्या, माँ? ... एवढंच. दुसऱ्या गावची, दुसऱ्या धर्माची बाई. तिनं सांगितलं. तवा कळलं आमाला, तो श्रावणातच गेला म्हणून.

माय रडली, पण तशी लई रडली न्हाई. माणूस मेल्याचं दुख तिनं गिळलं. गिळली न्हाई ती ओवी. मरेपर्यंत तिनं परत जात्यावर तोंड उघडलं न्हाई. मला म्हणायची, सोजरे, तो मातीत होता आन मी गाऊन राहिले होते, आन त्यांनी मला गाऊ दिलं. म्हातारपणी, मराया टेकली तवा बी तेच — मला गाऊ दिलं गं त्यांनी. पार झिजून गेलं माझं काळीज ते आईकून-आईकून.

आता ते लिव्हणं बंद कर, आकांक्षा. तो मोबाईल ठिव खाली. सकाळी मी तुला काय म्हणलं? दशम्या करू लाग माझ्यासंगं, तुझा भाऊ प्रज्ञेश नांदेडला जाईल त्याच्या हाती धाडू, तुज्या काकाला दवाखान्यातलं बेचव लागत आसंल. आन मी हसले. हसत-हसत म्हणलं, तो खातो किती ते बघायला डागदरं जमतील. तवा तू भिताडाकडं बघितलंस. मी तवाच वळखलं. मी येसकराची लेक हाय गं बाई. कालेजाचं काम न्हाई तुझं हे. ज्योतीनं पाठवलं तुला — म्हातारीला बोलण्यात गुतवून ठिव, नांदेडची गाडी येईस्तोवर. जुनं काढून बसली की तिला धा वाजले का बारा, कळत न्हाई. माया हाय तिची, मी नावं ठेवत न्हाई. पण आख्ख्या गल्लीत सकाळपासून एक कुकर वाजला न्हाई, ते मला कळलं न्हाई आसं वाटतं का तुमाला? मी आपली बोलत बसले. तू इचारायचीस आन मी सांगायची — मीठ सांगितलं, शिनेमा सांगितला. मला बी वाटलं, जेवढं बोलता येईल तेवढं बोलावं, तवर तो हायच. आता न्हाई बोलवत. आता मला आणखी हसू देऊ नको, माझ्या बाई. आणखी एक दशमी करू देऊ नको.

तू उभी हाईस, ते बराबर हाय. पाणी घेतलं न्हाईस, ते बी बराबर. आता नाव घे. हरिचंद जळबा. बापाच्या नावासगट घे. रडू नको, आधी सांग, मंग रड. एकदाच सांगायचं आसतं. भिऊ नको, मी पडणार न्हाई, मी भिताडाला धरलंय. सांग.

...

हं.

कवा? ... पहाटं.

बरं.

बरं सांगितलंस. माझ्या बापासारखं सांगितलंस. जाय आता. ज्योती तुमच्याच घरात हाय ना? दिवस उगवल्यावर जीप आली तवा ती खोकली, मी वळखलं. तिला म्हणावं, तोंडात पदर कोंबून लोकाच्या घरी रडू नको. म्हातारीला सांगितलंय म्हणावं. आपल्या घरी ये आन मोठ्यानं रड. जाय, माय. दार उघडंच राहू दे.