जेरेची दुसरी कोंबडी

कापेंब्वा : सकाळी कोंबडी मिळाली ना तुला? मग परत कशाला आलास?

जेरे : ती खड्ड्यातून उठण्याची कोंबडी होती, मामासाहेब. ती आता नाही.

कापेंब्वा : दफन होऊन तीन तास नाही झाले, लायसन.

जेरे : आम्ही न्गोनी जमातीची माणसं, उंदरांवर वाढलेली. एक कोंबडी आमच्या दाढेलाही लागत नाही.

कापेंब्वा : माझ्या आईच्या खड्ड्यात आडवा झालास. पाद्री थांबला, पेटी थांबली, लुविंगूहून आलेली साठ माणसं उन्हात उभी. आणि तू खालून सांगतोस, जागा मऊ आहे, मला आवडली, म्हातारीला दुसरीकडे न्या.

जेरे : बेम्बा आणि न्गोनींचं थट्टेचं नातं मयतातही पाळायचं असतं, आणि तिनेच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, लायसन, माझ्या मयताला नीट धिंगाणा घाल. नाहीतर लोक म्हणतील, या बेम्बा बाईला थट्टेतला एक न्गोनी भाऊसुद्धा नव्हता.

कापेंब्वा : हं. म्हणाली असेल.

जेरे : तू हसलास. मी खालून पाहिलं.

कापेंब्वा : ऊन डोळ्यावर येत होतं. बस. ते लाकूड ओढ शेगडीजवळ. आणि हळू बोल, आत बायका जरा आडव्या झाल्यात.

जेरे : बसायला वेळ नाही. चर्चपाशी पोरींच्या फुटबॉल टीमची बस उभी आहे, इंजिन चालू ठेवून. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी हॉर्नवर हात नेतोय, त्याला म्हटलं मयताचं घर आहे, हात खिशात घाल.

कापेंब्वा : वाटलंच मला. नाही.

जेरे : मी विचारलंय कुठे अजून?

कापेंब्वा : तू विचारायच्या आधीचं उत्तर आहे ते. म्वाबा कुठेही जाणार नाही. आजीने वाढवलेली पोर आहे. रविवारी घर झाडायचं, चटया उचलायच्या, मग सगळे पांगायचे. तोवर रक्ताच्या माणसाने उंबरा ओलांडून आपल्या कामाला जायचं नसतं. तुमच्यात जात असतील.

जेरे : आमच्यातही नाही जात.

कापेंब्वा : मग झालं तर.

जेरे : परवा शनिवारी लुसाकाला मॅच आहे, कॅमेरूनशी. तिकडे जाऊन एक-एक अशी बरोबरी करून आलोय. बाहेर जाऊन मारलेला गोल जड धरतात, म्हणजे इथे शून्य-शून्य झालं तरी आपल्या पोरी सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला जातात. कापेंब्वा, गोल मारायचासुद्धा नाहीये. फक्त खायचा नाहीये. आणि गोल न खाणारी पोर तुझ्या मागच्या चुलीवर साठ माणसांचा मक्याच्या पिठाचा नशिमा घोटतेय.

कापेंब्वा : दुसरी गोलकीपर असेल की.

जेरे : आहे ना. मंगळवारी बसच्या दारात तिचं बोट मोडलं. तिसरी आहे, तिने काल मला विचारलं, काका, यातला डाव्या हाताचा ग्लोव्ह कुठला.

कापेंब्वा : तू टीमचे कपडे धुणारा माणूस. तुला कोणी पाठवलं? कोच का नाही आली?

जेरे : ती तुमच्यातलीच, बेम्बा. ती आली असती तर तिला दाराशी रडावं लागलं असतं, गुडघ्यांवर बसावं लागलं असतं, आणि तू नाही म्हटलंस की मान खाली घालून परत. मला यातलं काहीच लागू नाही. म्हणून मी.

कापेंब्वा : ऐक. गंमत ठेव बाजूला. आमच्यात पोरींचं सगळं मामावर असतं, तुला माहीत आहे. मी हो म्हटलं, तर आत बसलेली म्पुंडू मावशी लुविंगूत चुलीचुलीपाशी सांगेल की माझ्या बहिणीची माती ओली होती आणि बॉनिफेसने भाचीला चेंडू खेळायला धाडलं. ते मी सोसेन. पण पुढे घरात कोणी आजारी पडलं, एखादं लेकरू दगावलं, की बोट कोणाकडे जाईल? माझ्याकडे नाही. तुझ्याकडे तर नाहीच. पोरीकडे. जन्मभर.

जेरे : हं.

कापेंब्वा : तेव्हा मला हो म्हणायला लावू नकोस.

जेरे : म्हणजे तुला हो म्हणता येत नाही, एवढंच.

कापेंब्वा : एवढंच म्हणजे?

जेरे : काही नाही. म्हातारी बघायची का रे, म्वाबाच्या मॅचेस?

कापेंब्वा : बघायची नाही, ऐकायची. शेजारी सिमुकोंडांकडे टीव्ही आहे, मोठा करून लावतात. ही आपला स्टूल घेऊन त्या भिंतीला पाठ लावून बसायची. मी म्हणायचो, आई, बोलावतायत ते, आत जाऊन बघ. तर म्हणे, बघितलं की काही कळत नाही. ऐकलं की कळतं. लोक ओरडले म्हणजे आपल्या पोरीने काहीतरी केलं. गेल्या शनिवारीही बसली होती. रविवारी गेली. पोर तेव्हा विमानात.

जेरे : पेनल्टी अडवली म्वाबाने, ते ऐकलं तिने?

कापेंब्वा : ओरडा ऐकला. मला हाक मारून विचारलं, हा चांगला ओरडा की वाईट?

जेरे : काय सांगितलंस?

कापेंब्वा : चांगला म्हणालो. मग उठली आणि जेवली.

म्वाबा : मामा, हात धुऊन घ्या. जेरेकाका, तुम्हीपण. जेवण आणतेय.

जेरे : आधी मामांच्या हातावर घाल. भरपूर घाल, बेम्बा माणूस आहे, घाण लवकर निघत नाही. काय गं, आजी काय म्हणायची तुझ्या खेळाला?

म्वाबा : म्हणायची, बाकीच्या दहाजणी धावतात आणि तू एकटी उभी. आळशी काम बरोब्बर शोधलंस.

जेरे : तुला यायचंय?

म्वाबा : मला विचारू नका.

कापेंब्वा : बरोबर बोलली.

म्वाबा : येते म्हटलं तर मी वाईट, नाही म्हटलं तर मी खोटारडी. हात पुढे करा काका, पाणी सांडतंय.

जेरे : माझं राहू दे. भांडं खाली ठेव आणि तुझाच हात पुढे कर. उजवा.

(जेरे खिशातून बुटाची लेस काढतो आणि म्वाबाच्या मनगटाला गाठ मारतो.)

कापेंब्वा : हे काय चाललंय?

जेरे : ऐका हो घरातल्या माकडखाऊंनो, उठा, झोपा पुरे झाल्या. मी लायसन जेरे, चिपाटाचा न्गोनी. सकाळच्या कोंबडीने माझं भागलेलं नाही. तुमची ही पोर मी धरली आहे. दुसरी कोंबडी आणा आणि सोडवून न्या. तोवर मी जाईन तिथे ही येईल.

म्वाबा : काका, लेस माझ्या बुटाची आहे.

जेरे : गप. धरलेलं माणूस बोलत नसतं.

कापेंब्वा : लायसन, तू काय करतोयस कळतंय तुला?

जेरे : मयताच्या घरी थट्टेतल्या भावाने माणूस धरलं तर रागवायचं नसतं. सोडवून न्यायचं असतं. आणि सोडवायला उशीर झाला, तर दोष धरणाऱ्याचा. घरच्यांचा नाही, धरलेल्याचा तर नाहीच. माझं काही चुकतंय का?

कापेंब्वा : नाही. फक्त एक विसरलास. सकाळची कोंबडी कोणी दिली तुला?

जेरे : म्पुंडू मावशींनी.

कापेंब्वा : गावाहून तीन आणल्यात तिने. मागे बघ.

जेरे : अहो मावशी, तुम्ही कशाला उठलात? गुडघे दुखतात ना? पडून राहायचं.

म्वाबा : पिवळ्या पायांची आणलीय म्पुंडूआजीने. चांगली मोठी आहे.

जेरे : ही? हिला मी हात लावणार नाही मावशी. हिची नजर बघा, थेट तुमच्या भाच्यासारखी बघतेय. खाल्ली तर रात्री पोटात भांडण काढेल.

कापेंब्वा : ती आमच्या बोलीत विचारतेय, मग कसली हवी?

जेरे : पांढरी. शुभ्र. शेपटीत एक पीस काळं दिसलं तर परत.

म्वाबा : काका, तिसरी पांढरीच आहे.

जेरे : पोरी, तू कोणाच्या बाजूने आहेस?

म्वाबा : तुम्ही गप राहायला सांगितलं होतंत, चुकले. पण म्पुंडूआजी गेलीसुद्धा आणायला.

कापेंब्वा : चाळीस वर्षं लोकांना टोप्या घालतोस आणि तुला पिंजऱ्यात काय आहे ते बघता आलं नाही?

जेरे : मयताच्या घरी पिंजरे बघत फिरू का? कापेंब्वा, आता काय करायचं?

कापेंब्वा : काही नाही. माणसाने रीत पाळायची. मावशी, आण इकडे. नाही, तू नको देऊस. घरातला मामा मी, भाचीला सोडवायचं तर माझ्याच हाताने. पायाची दोरीही काढतो. पाहुण्याला बांधलेली कोंबडी देणं बरं दिसत नाही.

जेरे : तू खरंच देणार आहेस?

कापेंब्वा : घे, हात पुढे कर.

म्वाबा : मामा. गेली.

कापेंब्वा : गेली खरी. सिमुकोंडांच्या छपरावर बसली बघ. काय करू मावशी, हात ओले होते. आत्ताच हिने पाणी घातलं.

जेरे : मी साक्षीला आहे मावशी. देत होता बिचारा. मनापासून देत होता.

कापेंब्वा : आणि पांढरीच हवी म्हणतो हा. पिवळी चालत नाही, सगळ्यांनी ऐकलं. छपरावरची काय आज उतरत नाही. रविवारी धरू, याच्या तोंडावर मारू आणि पोर सोडवू. तुमची लुविंगूची बस चारची आहे ना? त्याच्या आत सगळं उरकू.

जेरे : त्या काहीतरी म्हणतायत. रागावल्या का?

म्वाबा : म्हणतेय, धरून नेलेल्या पोरीला उपाशी ठेवायचं नसतं. नशिमा आणि सुके मासे बांधून देते, दोन मिनिटं थांबा.

कापेंब्वा : अजून काहीतरी म्हणाली आत जाताना.

म्वाबा : म्हणाली, बॉनिफेसचे हात लहानपणापासून ओलेच असतात.

जेरे : तुमच्यातही माणसं आहेत म्हणायची. चल म्वाबा, ड्रायव्हरचा हात खिशातून बाहेर आला असेल.

म्वाबा : मामा, घर झाडायचं...

कापेंब्वा : पहाटे झाडतात. या खेपेला दुपारी झाडू. आजीच्या खोलीला कोणी हात लावणार नाही. तुझी केरसुणी दाराआड ठेवतो.

म्वाबा : आणि गोल खाल्ला तर?

कापेंब्वा : तर खाल्ला. मला कुठे कळणार आहे? मयताच्या घरी ना रेडिओ लावत, ना टीव्ही.

म्वाबा : बरं. येते.

कापेंब्वा : म्वाबा. जाताजाता आजीचा तो स्टूल तेवढा सिमुकोंडांच्या भिंतीला लावून जा.